मागच्या गोठ्याचा रिपोर्ट

अमेरिकेतल्या कॅरी गावात राहायला आलो तेव्हा सुरुवातीची काही वर्षं मला एका साध्या प्रश्नाचा फार त्रास व्हायचा. कुणाकडे घरोघरून एकेक पदार्थ आणायचं पॉटलक असो नाहीतर मुलांचा वाढदिवस, हातात कागदी प्लेट आली की शेजारची बाई विचारायची, "तू काय करतेस गं?" बाकीच्यांची उत्तरं सुटसुटीत असायची. कुणी डेटामध्ये, कुणी क्लाउडमध्ये, कुणी औषधांच्या ट्रायल्समध्ये. मी म्हणायचे, "लॅबमध्ये आहे."

"अच्छा, फार्मा?"

"तसंच काहीतरी," म्हणून मी पुलाव वाढून घ्यायला वळायचे.

खरं उत्तर असं होतं की मी गाईंचं रक्त तपासते. परभणीला मी जनावरांची डॉक्टर झाले, पण लग्न होऊन इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. काम करायची परवानगी मिळेपर्यंत मुलगी झाली होती, आणि इथल्या लायसन्सच्या परीक्षा द्यायच्या राहूनच गेल्या. त्यामुळे इथे मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. आसपासच्या डेअरी फार्मवरून थर्माकोलच्या खोक्यांतून रक्ताच्या नळ्या आमच्याकडे येतात. मी त्यातलं कॅल्शियम, युरिया, कीटोन वगैरे बघते. गाय किती खाते, खाल्लेलं दुधात उतरतं की दूध देण्यासाठी ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळते, हे दूध कमी होण्याच्या कितीतरी आधी रक्तात दिसतं. मग फार्मवाले खुराक बदलतात. काही गाई सुधारतात. ज्या सुधारत नाहीत, त्यांना न्यायला ट्रक येतो. त्या ट्रकबद्दल मी आमच्या पॉटलकमध्ये कधी बोलले नाही.

आठवड्यातून एखादा दिवस मी स्वतः फार्मवर नळ्या भरायला जाते. तिथून परस्पर मुलीला डान्स क्लासमधून आणायला गेले की ती गाडीच्या काचेशी येऊन हळूच म्हणायची, "मॉम, प्लीज डोन्ट कम इनसाइड. यू स्मेल." मी बूट काढून पोत्यात घातलेले असायचे, कपडे बदललेले असायचे, तरी तो वास केसांत राहायचा. मी आत जात नसे.

माझ्या कामाबद्दल नीट, रस घेऊन विचारणारा आमच्या गोतावळ्यातला एकच माणूस होता. त्यांना सगळे नुसतं काका म्हणत. हृदयाचे डॉक्टर. इकडे मराठी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हापासूनचे. अर्ध्या कॅरीतल्या आईवडिलांच्या अँजिओग्राफीचे रिपोर्ट त्यांनी नजरेखालून घातले असतील. भारतातून आलेल्या कुणाच्या आईच्या छातीत दुखलं की नाइन-वन-वनच्या पाठोपाठ काकांना फोन जायचा. रिटायर झाल्यावर त्यांनी इथून तासाभराच्या अंतरावर, जुन्या तंबाखूच्या शेतांच्या बाजूला जमीन घेतली आणि जर्सी गाई पाळल्या. धार्मिक हेतू फारसा नव्हता. "लहानपणी आमच्याकडे एक गाय होती, ती विकली तेव्हा मी शाळेत होतो, मला कुणी विचारलं नाही," एवढंच कारण ते सांगत.

शनिवारी कॅरीतली कुटुंबं मुलांना घेऊन तिकडे जायची. मुलं गाईंना गाजरं भरवायची, मोठी माणसं शेडखाली बसून चहा प्यायची. गाय व्यायली की काकू चिकाचा खरवस करायच्या, आणि आदल्या दिवशीच सगळ्यांच्या फोनवर त्याचा मेसेज जायचा.

काकांनी मला पहिल्यांदा तिथे पाहिलं तेव्हा मी एका गाईच्या खुरांकडे बघत होते. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. मी दिसलं ते सांगितलं. मग त्यांनी मी कुठे शिकले, काय तपासते, कुठलं मशीन, असं सगळं काढून घेतलं, आणि चहाच्या वेळी मोठ्यानं सांगितलं, "ऐका रे, ही आमच्या गाईंची डॉक्टर." मी घाईघाईनं म्हणाले, "नाही काका, इथे नाही मी डॉक्टर." ते म्हणाले, "कागदावर नसशील." त्यानंतर तिथे सगळे मला डॉक्टर म्हणू लागले. थोडी थट्टा असायची त्यात, पण मला ते आवडायचं. किती आवडायचं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मागच्या थंडीच्या सुरुवातीला तिथली एक गाय व्यायली आणि दुसऱ्या दिवशी खाली बसली ती उठेना. काकांचा नेहमीचा व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, जवळच राहणारा, म्हातारा, शांत माणूस. त्यानं शिरेतून कॅल्शियम दिलं आणि तासाभरात गाय उठली. पण त्याला बाकीच्याही गाई बऱ्या वाटल्या नाहीत. एकूण दूध कमी झालं होतं. तो काकांना म्हणाला, सगळ्यांचंच रक्त तपासून घेऊ. काकांनी माझं नाव सुचवलं. व्हेट मला ओळखत होता. "नळ्या तू भर, रिपोर्ट माझ्या नावावर निघू दे," तो म्हणाला.

मी एकटीच सकाळी लवकर गेले. काका दारातच उभे होते, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात मार्कर. लेबलं मी लिहितो म्हणाले.

गाईचं रक्त घ्यायचं तर शेपटी सरळ वर उचलायची, खालच्या बाजूला दोन हाडांच्या मधली खाच बोटानं चाचपायची आणि सुई तिथे सरळ वर घालायची. नीट बसली तर नळी आपोआप भरते. थंडीत ती नळी हाताला इतकी गरम लागते की क्षणभर धरून ठेवावीशी वाटते. काका शेपटी धरत होते आणि मी भरत होते. हॉस्पिटलात काढलेल्या आयुष्याचे किस्से चालले होते. मध्येच त्यांनी दोन वेगळ्या गाईंच्या नळ्यांवर एकच नाव लिहिलं. गाईंना त्यांनी नद्यांची नावं दिली होती.

"काका, ही नदी आत्ताच होऊन गेली," मी म्हणाले.

ते हसले. "नदी दोनदा भेटली तर बिघडलं कुठे?" आणि नाव खोडून दुसरं लिहिलं. मीही हसले. मला तो विनोद वाटला.

तिथे दोन गोठे होते. पुढचा रस्त्याच्या बाजूला, दुभत्या गाईंचा. शनिवारची मुलं तिथेच रमायची. मागचा टेकाडाच्या उतारावर, गाभण गाईंचा. तिकडे चिखल असायचा, म्हणून पाहुणे सहसा कुणी जात नसत. सकाळी एक शेजारी शेतकरी येऊन दूध काढायचा आणि पुढच्या गाईंना खायला घालायचा. मागे तो सुक्या गवताचा मोठा गठ्ठा ट्रॅक्टरनं टाकून जायचा, तो संपेपर्यंत त्याला तिकडे बघायचं कारण नव्हतं. संध्याकाळचा खुराक मात्र दोन्ही गोठ्यांत काका स्वतः घालत. पेंड, मका, मिनरल मोजून, हातानं कालवून. त्यात ते कुणाला हात लावू देत नसत. हा माझा संध्याकाळचा नेम आहे, म्हणायचे.

रिपोर्ट आले तेव्हा आमच्या लॅबची प्रमुख माझ्या टेबलापाशी थांबली. शिस्तीची बाई आहे, उगाच गप्पा मारत नाही. स्क्रीनकडे बघून तिनं इंग्रजीत विचारलं, "ही दोन वेगळी फार्म आहेत ना?"

"नाही, एकच आहे."

"मग एकाच मालकाकडे दोन प्रकारची माणसं काम करतात," ती म्हणाली आणि गेली.

तिचं बरोबर होतं. पुढच्या गोठ्यातल्या गाईंच्या रक्तात युरिया चढलेला होता. गाईला गरजेपेक्षा जास्त पेंड मिळाली की तसं होतं. मागच्या गोठ्यात नेमकं उलटं. युरिया तळाला, कीटोन वाढलेले, आणि अंगातली चरबी वितळून रक्तात आलेली. पोटात वासरू वाढत असताना नुसत्या सुक्या गवतावर जगणाऱ्या गाईचं रक्त असं दिसतं. व्यायल्यावर खाली बसलेली गायही मागच्याच गोठ्यातून आलेली, तिला मिनरल मिळालंच नव्हतं. सगळे आकडे एकमेकांना जुळत होते. पुढच्या गाई संध्याकाळी दोनदा खात होत्या, आणि मागच्यांच्या गव्हाणीत काही पडतच नव्हतं.

मला फार आनंद झाला. हे लिहिताना हात अडखळतो, पण झाला. कोडं सुटलं होतं आणि ते मी सोडवलं होतं. रोज नळ्या मशीनमध्ये घालून आकडे पुढे पाठवणारी मी, त्या आकड्यांतून एक सबंध गोठा मला दिसला होता. व्हेटला रिपोर्ट पाठवला. त्यानं उत्तर दिलं की माझंही तेच मत आहे, तू शनिवारी जाणारच आहेस तर त्यांना सांग, मी सोमवारी येतो. घालतं कोण, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. आला असता तर उत्तर मला ठाऊक होतं. पण मी गाईंच्या एवढी जवळ गेले होते की माणूस दिसलाच नाही.

शनिवारी नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण खरवस होता. जेवणं झाली. काकांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना शेडखाली बोलावलं. "आज आमची डॉक्टर गाईंचे ब्लड रिपोर्ट सांगणार आहे. मुलांनो, पुढे बसा. सायन्स आहे."

माझी मुलगीही पुढे बसली. माझा नवरा मागे खांबाला टेकून उभा होता. ज्यांना मी "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगत आले होते ती सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी सुरुवात अडखळत केली. मग युरिया म्हणजे काय, कीटोन म्हणजे काय हे मुलांना समजेल असं सांगितलं. एका मुलानं प्रश्न विचारला, त्याचं उत्तर दिलं. कुणीतरी "वा!" म्हणालं. माझा आवाज मोकळा झाला. मी हातवारे करायला लागले.

"आता गंमत बघा," मी म्हणाले. खरोखर हाच शब्द वापरला मी. "फार्म एक, मालक एक, पेंडीचं पोतं एक. पण रक्त बघितलं तर पुढच्या गाईंना कुणीतरी रोज दोनदा खायला घालतंय, आणि मागच्यांकडे कुणी फिरकतच नाही. आणि हे एक-दोन दिवसांचं नाही, बरेच आठवडे चाललंय."

लोक हसले. आयटीतला एक तरुण ओरडला, "काका, तुमच्या माणसाला फायर करा यार! पुढे घालतो म्हणजे तुम्हाला दिसावं म्हणून, आणि मागे दांडी!"

"बरोबर आहे," आणखी कुणीतरी म्हणालं, "मागे कोण बघतंय!"

काका पहिल्या खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "माणूस नाही. संध्याकाळचं मी घालतो."

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते हसतच होते. पुढचे गप्प झाले, मग मधले, मग मागचे. मी उभीच होते, हातात कागद धरून.

काकांनी हात पुढे केला. मी रिपोर्ट दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागले. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचले, तो माणूस बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता. मध्ये त्यांनी मला दोन प्रश्न विचारले, अगदी डॉक्टरी. कीटोन इतके चढायला किती काळ लागतो? युरियाला दुसरं काही कारण असू शकतं का? मी उत्तरं दिली. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी मी खोटं बोलायला हवं होतं, असं मला नंतर कितीदा वाटलं. पाण्याचं सांगता आलं असतं, गवताच्या प्रतीचं सांगता आलं असतं. पण त्यांनी विचारलं ते अशा आवाजात की खोटं सुचलंच नाही. "नाही काका," मी म्हणाले, "दोन्ही गोठ्यांचं एकत्र बघितलं तर नाही."

"हं," ते म्हणाले. "निदान बरोबर आहे."

तेवढ्यात चहाची किटली घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "अगं, मागच्या गोठ्याचं माझ्याकडे होतं. महिना-दीड महिना मीच बघते म्हटलं होतं ना यांना. आणि मी मेली विसरले. कुठे लक्ष असतं माझं!"

शेडखाली सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "काकू, फोनवर रिमाइंडर लावा," तोच तरुण म्हणाला. "माझी बायको माझ्यासाठी तसंच करते." पुन्हा हसणं, पुन्हा चहा. मुलं गाजरं घेऊन पळाली.

काका हसले नाहीत. ते काकूंच्या गुडघ्यांकडे बघत होते. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्या उतारावर, त्या चिखलात काकू कधीच जात नसत, हे काकांना माहीत होतं आणि मलाही. पण त्यांनी बायकोचं खोटं खोडून काढलं नाही. त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली, आणि मला म्हणाले, "थँक यू, डॉक्टर." त्या दिवशी त्या शब्दानं माझे कान तापले.

मी कपबशा उचलायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. काकू सिंककडे तोंड करून उभ्या होत्या. नळ चालू होता, भांडी मात्र घासत नव्हत्या.

"काकू," मी म्हणाले.

त्या वळल्या नाहीत. "तू मला आधी फोन का नाही केलास गं?"

मी कपबशा ओट्यावर ठेवल्या.

"एक फोन. काकू, असं असं दिसतंय, एवढंच. मी सांभाळून घेतलं असतं. वर्षभर घेतेच आहे." नळ बंद करून त्या खुर्चीवर बसल्या. "यांनी गाडी काढू नये म्हणून किल्ल्या मी लपवते आणि म्हणते, मीच हरवल्या. कुणाचा फोन येऊन गेला ते मी चिठ्ठीवर लिहून ठेवते, मग ते वाचतात आणि त्यांना वाटतं आपल्या लक्षात होतं. घरातल्या घरात सगळं निभत होतं. गाईंचं माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटायचं, जातात, येतात, बादली रिकामी असते. दोनदा जायचे, तर मला वाटायचं दुसऱ्यांदा मागे जातात."

"मला खरंच कळलं नाही," मी म्हणाले.

"अगं, तुला सगळं कळलं," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तिथे सगळ्यांपुढे कळलं."

गाडीत मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू काय चुकलीस यात? तू तुझं काम केलंस. आणि कधीतरी समजणारच होतं." तर्कानं ते बरोबर होतं. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "मॉम, यू वेअर सो गुड टुडे." आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता.

काकूंचं खोटं आठवडाभरही टिकलं नाही. कुणीतरी हिशेब जुळवला असणार. काकांनी कुणाला तरी तेच तेच दोनदा विचारलं होतं, कुणाच्या घरचा रस्ता ते चुकले होते, अशा गोष्टी सगळ्यांना आठवायला लागल्या. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये एका बाईनं मला गाठलं. "ऐकलं मी, गाईंच्या रक्तावरून तू काकांचं ओळखलंस! बाप रे, काय हुशार आहेस!" दुसऱ्या एका घरी जेवायला गेलो तर यजमानांनी माझी ओळख करून दिली, "ही हं ती, जिनं काकांचं पकडलं." पकडलं. जसं काही काका चोरी करत होते. इतकी वर्षं कुणाला माझं काम धड माहीत नव्हतं, आता सगळ्यांना माहीत झालं, ते हे असं. मी आजारी असल्याचं सांगून पुढची दोन बोलावणी कॅन्सल केली.

लोकांनी काकांना फोन करणंही हळूहळू कमी केलं. मुद्दाम कुणी केलं असेल असं नाही. पण आईचा रिपोर्ट आता त्यांना कशाला दाखवायचा, असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार. शनिवारची गर्दीही ओसरली. मीही गेले नाही. भीती वाटत होती.

व्हेटनं मागच्या गाईंचा खुराक लावून दिला, शेजाऱ्याला संध्याकाळचंही काम दिलं, आणि काही आठवड्यांनी परत रक्त तपासायला सांगितलं. नळ्या त्यानंच भरून पाठवल्या. आकडे छान सुधारले होते. मी काकूंना फोन केला आणि फक्त त्यांनाच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." मग म्हणाल्या, "आम्ही गाई देऊन टाकायचं ठरवलंय. जाण्याआधी तपासणी लागते म्हणे. तू येशील का? तेच म्हणाले, तिलाच बोलव."

वसंत लागला होता. वाटेत सगळीकडे झाडांवर पांढरी फुलं होती आणि गाडीच्या काचेवर पिवळी परागांची धूळ. काका पुढच्या गोठ्याबाहेर खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते थोडे. मला बघून उठले, माझ्या नावानं हाक मारली. नाव बरोबर होतं. मला इतकं हलकं वाटलं की त्याचीही लाज वाटली.

ते पहिल्यासारखेच शेपट्या धरायला आले. गाभण गाई आता चांगल्या भरल्या होत्या, कातडी चकाकत होती. एकीचं वासरू पुढच्याच आठवड्यात येणार होतं. तीही जाणार होती. काकांनी तिच्या कुशीवर हात ठेवला, आत वासरानं लाथ मारली ते मलाही दिसलं.

"माझंही रक्त तपासलं," ते म्हणाले. "बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सोडियम, सगळं. काय निघालं असेल?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"सगळं नॉर्मल." ते किंचित हसले. "पेशंटला आपण किती आनंदानं सांगतो ना, सगळं नॉर्मल आहे. रक्तात काही सापडलं असतं तर गोळी देता आली असती. तुझ्या गाईंचं बरं. पेंड घातली की झाल्या बऱ्या."

"काका, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर..." मी सुरुवात केली. किती दिवस ते वाक्य मनात घोळवत होते, पण ते पुढे जाईना.

त्यांनी शेपटी सोडली. गाईनं ती झटकली. "तुला मजा येत होती त्या दिवशी," ते म्हणाले. ते मला विचारत नव्हते.

मी खाली बघितलं. बुटांवर चिखल होता. "हो," मी म्हणाले.

"मी बघत होतो ना तुझ्याकडे. सुरुवातीला चाचरत होतीस, मग डोळे चमकायला लागले. मला ओळखीचं होतं ते." ते गव्हाणीच्या कठड्याला टेकले. "मलाही यायची मजा. राउंडला मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असायचा. मी पेशंटच्या पायाशी उभा राहून एकेक धागा सोडवत सोडवत निदानापर्यंत यायचो. पोरं माना डोलवायची. आणि कॉटवर तो माणूस पडलेला असायचा, त्याचंच चाललेलं असायचं सगळं. मी त्याच्या तोंडाकडे किती वेळा बघितलं असेन? मला एकही चेहरा आठवत नाही." मग ते म्हणाले, "आणि हे या आजारामुळे नाही."

मी तोंड फिरवून नळ्यांचं खोकं नीट करायला लागले. नळ्या नीटच होत्या. काकांनी दुसऱ्या गाईची शेपटी उचलली.

दुपारी त्या गाई घेणारा शेतकरी बघायला आला. डेअरीवाला नव्हता, बायको आणि दोन मुलींबरोबर छोटं फार्म चालवणारा. काकांनी त्याला प्रत्येक गाईची खोड सांगितली. कोण दूध काढताना लाथ मारते, कुणाला मक्याचा कोंडा आवडत नाही. एका गाईपाशी ते अडकले. तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि ओठ हलवले, पण काही आठवेना. शेतकरी वाट बघत होता. काकू माझ्याकडे बघत होत्या. मला त्या गाईबद्दल सगळं माहीत होतं, तिच्या रक्तातला प्रत्येक आकडा मला पाठ होता. मी गप्प राहिले.

काकांनी वेळ घेतला. मग शेतकऱ्याकडे वळून साध्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, "हिच्याबद्दल मी विसरलो. गरीब आहे, एवढं नक्की." शेतकऱ्यानं मान हलवली आणि गाईच्या कपाळावर खाजवलं. ते पुढच्या गाईकडे गेले. मी खोकं उचललं, गाडीत ठेवलं, आणि काकूंना पोळ्या लाटायला मदत करायला आत गेले.